टॉप हँडल चेनसॉ घ्यायचाय? आधी दोराचं बघा



एप्रिल-मे आला की सोसायट्यांचे सेक्रेटरी जागे होतात. पावसाच्या आत पार्किंगवरचा गुलमोहर हलका करायचा असतो, गच्चीला टेकलेला रेन ट्री मागे घ्यायचा असतो, नारळाच्या झावळ्या उतरवायच्या असतात. काम भरपूर आणि नीट करणारे थोडे. म्हणून तुमच्यापैकी बरेच जण या धंद्यात उतरायचं म्हणताय. चांगलं आहे. पण दुकानात आल्यावर पहिला प्रश्न ठरलेला असतो: "दादा, ते वरून धरायचं छोटं मशीन दाखवा. एका हाताने चालतं ना?"

नाही चालत. हे मशीन विकून मला चार पैसे मिळतात, तरीही सांगतो, तुमच्या खरेदीच्या यादीत ते सगळ्यात शेवटी आलं पाहिजे. का, ते आधी समजून घ्या.

साध्या चेनसॉला मागचं हँडल मागे आणि पुढचं पुढे असतं, दोन हातांत चांगलं अंतर पडतं. टॉप हँडलमध्ये मागचं हँडल उचलून इंजिनच्या वर आणलेलं असतं. त्यामुळे मशीन आखूड होतं, तोल हँडलच्या बरोबर खाली येतो, आणि दोरावर लटकलेल्या माणसाला फांद्यांच्या गर्दीत छातीजवळ काम करता येतं. फायदा एवढाच, पण झाडावर तो फार मोठा आहे. याची किंमत अशी की दोन हात अगदी जवळजवळ येतात. बारच्या टोकाचा वरचा कोपरा एखाद्या फांदीला लागला की मशीन झटक्यात उलटं तुमच्याकडे येतं. यालाच किकबॅक म्हणतात. हात जवळ असल्यामुळे तो झटका अडवायला ताकद कमी पडते, आणि एकच हात असेल तर काहीच अडत नाही. म्हणून कंपन्या स्वतःच मॅन्युअलमध्ये लिहितात की हे मशीन झाडावर चढून काम करण्याचं शिक्षण घेतलेल्या माणसासाठीच आहे. जमिनीवर लाकूड तोडायला ते घेऊ नका. तिथे साधा चेनसॉच बरा, आणि स्वस्तही पडतो.

आता एका हाताने कापायची वेळ येते कधी, याचा विचार करा. दुसऱ्या हाताने फांदी धरलेली असते तेव्हा! म्हणजे खरी अडचण मशीनची नाहीच. माणूस नीट बांधलेला नाही म्हणून त्याचा एक हात स्वतःला सावरण्यात गुंतलाय. तो हात मोकळा करायचा असेल तर आधी दोर आणि हार्नेस लागतो.

हार्नेसही कुठला? बांधकामावर मिळतो तो पाठीत कडी असलेला हार्नेस पडणाऱ्याला अडवतो, पण त्यात बसून काम करता येत नाही. झाडाच्या कामाचा हार्नेस कमरेला आणि मांड्यांना आधार देतो, त्याला बाजूला आणि पुढे कड्या असतात. नियम असा की चेनसॉ चालू असताना माणूस दोन ठिकाणी बांधलेला हवा. एक वरून आलेला मुख्य दोर, दुसरा खोडाभोवती फिरवलेला लॅनयार्ड. चुकून चेन एकाला लागली तर दुसरा टिकतो. पोटात स्टीलची तार असलेला लॅनयार्ड मिळतो, तो घ्या. पण तारही कापली जाते, थोडा वेळ जास्त मिळतो इतकंच, हे लक्षात ठेवा.

आणखी एक खर्च लोक विसरतात: दुसरा चढणारा. वरच्याला दुखापत झाली, तो दोरावर लटकून राहिला, तर त्याला खाली कोण आणणार? अग्निशमन दल येईपर्यंत थांबणार का? खाली असा माणूस हवा ज्याला चढता येतं आणि ज्याच्याकडे स्वतःचा दोर-हार्नेस आहे. दोराचं शिक्षण गिर्यारोहण संस्थांकडून मिळू शकतं, पण झाडावर चेनसॉ घेऊन काम करणं हा वेगळा धडा आहे, तो अनुभवी माणसाच्या हाताखालीच गिरवायचा.

पँटबद्दलही बोलू. चेनसॉच्या पँटमध्ये लांब धाग्यांचे थर असतात. चेन लागली की धागे बाहेर ओढले जाऊन मशीनच्या दातेरी चाकात गुंततात आणि चेन थांबते. समोरूनच संरक्षण देणारी पँट जमिनीवर ठीक, पण झाडावर पाय कसाही वळतो, म्हणून चारही बाजूंनी थर असलेली हवी. 'क्लास १' म्हणजे सेकंदाला २० मीटर चेन वेगापर्यंत तपासलेली. मे महिन्यात ती घालून घाम गळतो, मान्य आहे. मग सकाळी ७ ला काम सुरू करा आणि ११ ला माणूस खाली उतरवा.

एवढं सगळं झालं की मशीन. साधारण २५ ते ३५ सीसी, १२ किंवा १४ इंची बार. स्टिलचा एमएस २०१ टी किंवा हुस्कवार्नाचा टी ४३५ ही ३५.२ सीसीची मॉडेल्स तुम्ही व्हिडिओत बघितलीच असतील. कॅटलॉगमधलं वजन बहुतेक वेळा बार, चेन आणि पेट्रोल सोडून लिहिलेलं असतं, त्यामुळे दुकानात भरलेलं मशीन उचलून बघायला मागा. छाटणीला १२ इंच पुरतो. मोठा बार म्हणजे मोठं काम असं नाही, टोक कुठे लागेल ते दिसत नाही इतकंच होतं.

बिनानावाची २५ सीसीची मशीन्स ऑनलाइन फार स्वस्त मिळतात. मी ती सरसकट वाईट म्हणत नाही, पण तपासा. पुढचा गार्ड मनगटाने ढकलला की चेन ब्रेक खटकन लागतो का? थ्रॉटल लॉक दाबल्याशिवाय ट्रिगर हलतो का? हलत असेल तर परत ठेवा. रिकाम्या वेगात चेन फिरता कामा नये. मागे दोर अडकवायची कडी आहे का? आणि बार, चेन, कार्ब्युरेटर तुमच्या तालुक्यात मिळतो का? हंगामात मशीन आठ दिवस बंद राहिलं तर स्वस्तपणा तिथेच संपला.

बॅटरीचं टॉप हँडल मशीन सोसायटीच्या कामाला मला आवडतं. दोरी ओढायची नाही, धूर नाही, दुपारी आजोबांची झोप मोडत नाही. फक्त किंमत विचारताना दोन बॅटऱ्या आणि चार्जर धरून विचारा, आणि आवाज नाही म्हणून ते बंद आहे असं समजू नका.

पेट्रोल मशीनला चांगलं टू-स्ट्रोक ऑइल असेल तर बहुतेक कंपन्या ५०:१ सांगतात, म्हणजे लिटरला २० मिली. मॅन्युअलमध्ये २५:१ असेल तर ४० मिली. बारला गाडीचं जळकं ऑइल घालू नका. ३/८ लो प्रोफाइल चेनला ४ मिमीची कानस लागते. नारळाच्या खोडावर चेन लवकर बोथट होते आणि तंतू कव्हरखाली अडकतात, त्यामुळे नारळाचं काम असेल त्या दिवशी जादा चेन सोबत ठेवा.

वापराचं थोडक्यात. मशीन खाली सुरू करून गरम करा, बंद करा, चेन ब्रेक लावा, मग दोराने वर पाठवा. हवेत झटका देऊन सुरू करायची सवय लागली असेल तर मोडा. जड फांदीला आधी खालून पाव-तृतीयांश काप, मग थोडं बाहेरच्या बाजूने वरून, म्हणजे साल सोलून खोडापर्यंत येत नाही. उरलेला खुंट फांदीच्या मुळाशी जो फुगवटा असतो त्याच्या बाहेरून काढा. खोडाला सपाट कापलं तर जखम भरत नाही. मनगटाएवढ्या फांद्यांना तर वाकडी हातकरवत घ्या. अर्धी छाटणी तिनेच होते. वीजतारा जवळ असतील तर वीज कंपनीकडून लाइन बंद करून घेतल्याशिवाय माणूस वर चढवू नका.

आता हिशोब. आकडे समजायला घेतलेत, तुम्ही तुमच्या गावचे टाका. दिवसाचं काम १२,००० ला घेतलं. चढणारा २,०००, खालचे दोघे १,८००, फांद्या न्यायला टेम्पो ३,०००, पेट्रोल-ऑइल-चेन ५००, विमा आणि दोरांची झीज ७००. झाले ८,०००, उरले ४,०००. दोन दोर-हार्नेस संच, पँट, हेल्मेट आणि मशीन मिळून १,२०,००० लागले तर ३० दिवसांचं काम हवं. पावसाआधीचा हंगाम जेमतेम दोन महिन्यांचा, त्यात रोज काम मिळत नाही. म्हणजे पहिल्या वर्षी सगळं सुटेलच असं नाही.

मग सुरुवात कशी करायची? माझं मत असं की पहिल्या हंगामात स्वतःचा चढणारा ठेवू नका. अनुभवी क्लाइंबर त्याच्या सामानासकट रोजाने आणा आणि तुम्ही खालची बाजू धरा: दोराने फांद्या उतरवणं, तुकडे करणं, टेम्पो, साफसफाई, कागदपत्रं. दिवसाचा बराचसा वेळ याच कामात जातो आणि सेक्रेटरीही तेच बघून पुढच्या वर्षी बोलावतो. तोपर्यंत तुमच्याकडे एक साधा चेनसॉ असला तरी पुरे. मात्र त्याचा विमा आहे का ते आधी विचारा. तुमच्या कामावर माणूस पडला तर भरपाईचा प्रश्न तुमच्या दारात येतो, "रोजंदारीवर होता" म्हणून सुटका होत नाही.

कागदांपैकी एक कधीच सोडू नका. महाराष्ट्रात शहरी भागात १९७५ चा झाडांचे संरक्षण व जतन कायदा लागू आहे. खासगी आवारातलं झाड असलं तरी सोसायटीने महापालिकेच्या किंवा नगरपरिषदेच्या वृक्ष अधिकाऱ्याकडे अर्ज करून परवानगी घ्यायची. परवानगीची प्रत हातात आल्यावरच तारीख द्या, आणि कोणत्या फांद्या कापायच्या ते खडूने नाही, फोटोवर खूण करून सेक्रेटरीची सही घ्या. कोटेशनचा नमुना पुढच्या व्हिडिओत दाखवतो. त्यात दोर, विमा आणि टेम्पो वेगवेगळ्या ओळींत कसे लिहायचे तेही बघू.