मासे पाळायचे, म्हणजे पाणी पाळायचे

शेतकऱ्याच्या घराला जनावरांचे नवल नाही. गोठ्यात बैल आणि म्हैस, दारात कुत्रे, परसात कोंबड्या आणि धान्याच्या कणगीपाशी मांजर, हे सारे घरचेच असतात. यातल्या प्रत्येकाला काही ना काही काम नेमून दिलेले असते. काचेच्या पेटीतला मासा मात्र ना औत ओढतो, ना दूध देतो, ना घराची राखण करतो. तरीही ज्या घरात अशी पेटी आली, तेथे दिवेलागणीनंतर आजोबा आणि नातवंडे तिच्यासमोर सारखीच गुंगून बसलेली दिसतात. 'हा काय रिकामा उद्योग!' म्हणून हसणारा शेजारीही घटकाभर टेकतो आणि चहा निवेपर्यंत उठत नाही.

हा आनंद फार खर्चाचा नाही आणि फार कष्टाचाही नाही. पण पुष्कळ घरांत तो महिनाभरही टिकत नाही. हौसेने आणलेले मासे एकेक करून मरतात, मुले हिरमुसतात आणि पेटी माळ्यावर जाते. 'आपल्याला मासे लाभत नाहीत' असे मग घरात ठरून जाते. खरे पाहता यात लाभण्या-न लाभण्याचा प्रश्न नसतो. पाणी तयार नसताना मासे सोडले, एवढेच घडलेले असते. जमिनीची मशागत केल्यावाचून पेरणी करू नये, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. तोच नियम येथे लागू आहे.

आवड जुनीच आहे

मासा केवळ खाण्यासाठी नसतो, तो पाहण्यासाठीही असतो, हे आपल्या लोकांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. रायगड जिल्ह्यात महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंड आहे. तेथले मासे वरदायिनी देवीचे म्हणून राखलेले आहेत. पालघर जिल्ह्यात वाडा तालुक्यात तिळसे येथे वैतरणेच्या पात्रातले मासेही असेच देवाचे मानले जातात. भाविक त्यांना खाऊ घालतात, जाळे कोणी टाकीत नाही.

काचेच्या पेटीची हौस मात्र विलायतेतून आली. लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने १८५० साली आपला एक प्रयोग जाहीर केला. त्याने एका टाकीत दोन सोनमासे आणि एक पाणवनस्पती ठेवली होती. काही दिवसांनी पाने कुजून पाणी खराब होऊ लागले, तेव्हा त्याने त्यात तळ्यातल्या गोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजका पाला खाऊन टाकला आणि पाणी पुन्हा निवळले. मासे, वनस्पती आणि कुजके खाणारे जीव यांचा मेळ बसला तरच पाणी टिकते, हा धडा तेव्हापासूनचा आहे.

आपल्याकडे १९५१ साली मुंबईत मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले. मुंबईला गेलेली कितीतरी खेडुत कुटुंबे राणीच्या बागेबरोबर तेही पाहून येत. पुढे जुन्या झालेल्या इमारतीमुळे ते बंद करावे लागले, पण रंगीत माशांची गोडी अनेक घरांना तेथूनच लागली.

पेटी कशी असावी

गोल बरणी दिसायला सुंदर दिसते, पण माशाला ती कोंडवाड्यासारखी. हवेतला प्राणवायू पाण्यात शिरतो तो पाण्याच्या पृष्ठभागातून, म्हणून पेटी उंच असण्यापेक्षा लांब-रुंद असावी. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच पेटी नवशिक्याला चांगली. तीत सुमारे ५६ लिटर पाणी मावते. पाणी, वाळू आणि काच मिळून वजन सत्तर किलोच्या घरात जाते, तेव्हा ती हलत्या टेबलावर ठेवू नये. खाली जाड सपाट फळी आणि थर्माकोल घालावा.

पेटी खिडकीच्या उन्हात ठेवली की पाणी तापते आणि काचेवर हिरवे शेवाळ चढते. पत्र्याखालची खोली उन्हाळ्यात टाळावी. पाणी जितके गरम, तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. विदर्भ-मराठवाड्यात चैत्र-वैशाखात घरातल्या सर्वांत गार भिंतीचा कोपरा माशांना द्यावा.

पेटी किंवा वाळू कधीही साबणाने धुऊ नये. नुसत्या पाण्याने, निवळ येईपर्यंत धुवावी. हवेच्या पंपावर चालणारी साधी स्पंजाची गाळणी पुरेशी होते. वीज गेली आणि मासे वर येऊन तोंड उघडू लागले, तर तांब्याने पेटीतलेच पाणी काढून थोड्या उंचीवरून पुन्हा आत सोडावे. मासे थोडे असले तर भारनियमनाचे तास ते सहज काढतात.

पाणी मुरू द्यावे

नळयोजनेच्या पाण्यात टीसीएल पावडर म्हणजे क्लोरीन असते. तो माशांचे कल्ले जाळतो. असे पाणी रुंद तोंडाच्या भांड्यात एक दिवस उघडे ठेवावे. बोअरचे पाणीही काढल्या काढल्या वापरू नये, कारण त्यात प्राणवायू कमी असतो. तेही ढवळून एक दिवस ठेवावे.

यानंतरचे काम डोळ्यांना दिसत नाही, आणि तेच सर्वांत महत्त्वाचे आहे. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो. तो माशांना विषारी आहे. काही सूक्ष्म जीवाणू या अमोनियाचे नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसरे जीवाणू त्याचे नायट्रेट करतात, आणि ते थोड्या प्रमाणात माशांना सोसते. शेतात युरिया टाकल्यावर जमिनीत जे घडते, त्याच जातीचा हा खेळ आहे. फरक इतकाच, की नव्या पेटीत हे जीवाणू नसतात. वाळूवर आणि स्पंजावर त्यांची वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. विरजणावाचून दही लागत नाही, तसेच हे आहे. ओळखीच्या घरी जुनी, निरोगी पेटी असेल, तर तिच्या गाळणीतल्या स्पंजाचा तुकडा ओला असतानाच आणून आपल्या गाळणीत घालावा. हे विरजण मिळाले की काम लवकर होते.

या दिवसांत पेटीत पाणवनस्पती लावाव्यात, गाळणी चालू ठेवावी आणि रोज चिमूटभर माशांचे खाद्य टाकावे, म्हणजे जीवाणूंना खुराक मिळेल. डास अंडी घालू नयेत म्हणून वर मच्छरदाणीचे कापड बांधावे. मग एकदम दहा मासे न आणता आधी तीन-चार आणावेत आणि पंधरा दिवसांनी बाकीचे.

पुढे दर आठवड्याला एक बादली पाणी काढून तितकेच शिळे पाणी घालावे. सगळे पाणी एकदम बदलू नये. स्पंज काढलेल्या पाण्यातच पिळावा, क्लोरीनच्या नळाखाली धुतला तर वस्ती मरते. काढलेले पाणी वाया जात नाही. त्यातले नायट्रेट तुळशीला, मिरचीला, कढीपत्त्याला उपयोगी पडते. मात्र माशांसाठी औषध किंवा मीठ घातले असेल, तर ते पाणी झाडांना घालू नये.

कोणते मासे आणावेत

सुरुवात गप्पीने करावी. आरोग्य कर्मचारी डासांच्या अळ्या खाण्यासाठी टाक्यांत सोडतात, तोच हा मासा. बोअरचे जड पाणी त्याला मानवते. नर लहान आणि रंगीत, मादी मोठी आणि साधी. मादी अंडी घालीत नाही, साधारण महिन्याने जिवंत पिले देते, आणि संधी मिळाली तर ती खातेही. दाट वनस्पती असल्या तर पिले वाचतात. फार पिले नको असतील तर नुसते नर ठेवावेत.

लाल गुरामी आणि पट्ट्यापट्ट्यांचा झेब्रा हे आपल्याच देशातले, गंगेच्या खोऱ्यातले मासे. गुरामीचा नर पाण्यावर बुडबुड्यांचे घरटे बांधतो आणि त्यात अंडी राखतो. ते पाहताना घरातले कोणी जागचे हलत नाही. झेब्रा दिवसभर पळापळी करतो. जगभरच्या प्रयोगशाळांत माणसाच्या रोगांचा अभ्यास याच माशावर चालतो. थायलंडचा फायटर एकटाच ठेवावा, दोन नर एकत्र आले की एकमेकांना फाडतात. सोनमासा सर्वांना आवडतो, पण तो वीतभर वाढतो आणि पाणी फार घाण करतो. दोन फुटी पेटी त्याला अपुरी पडते.

५६ लिटरच्या पेटीत दीड इंची आठ-दहा मासे पुरेत. दोन-तीन मिनिटांत संपेल एवढेच खाद्य दिवसातून एक-दोनदा द्यावे. आठवड्यातून एक दिवस उपास घडला तरी चालतो. पाहुण्यांच्या मुलांना मात्र डबा हाती देऊ नये. उपाशी राहून मेलेल्या माशांपेक्षा जास्त खाऊ घालून मारलेले मासे अधिक.

फवारणीचे हात

शहरातल्या घराला नसलेला एक धोका शेतकऱ्याच्या घराला आहे. सायपरमेथ्रिनसारखी कीटकनाशके माशांना अत्यंत विषारी असतात. एक ग्रॅम औषध दहा लाख लिटर पाण्यात मिसळले, तरी काही मासे मरू शकतात. म्हणून फवारणी करून आलेल्याने आंघोळ करून कपडे बदलल्याशिवाय पेटीत हात घालू नये. फवारणीसाठी वापरलेली बादली माशांसाठी कधीच वापरू नये. डासांची अगरबत्ती आणि बटणाला लावायची औषधे बहुधा याच कुळातली असतात, आणि हवेचा पंप खोलीतली हवा पाण्यात ओढतो. पेटीच्या खोलीत मच्छरदाणीच बरी.

ही काळजी घेताना घरातल्या मुलांनाही एक गोष्ट आपोआप कळते. पंप धुतलेले पाणी ओढ्यात सोडले तर तेथल्या माशांचे काय होत असेल, हे त्यांना वेगळे शिकवावे लागत नाही.

विहिरीत सोडू नका

मासे नकोसे झाले, फार वाढले, तर दया म्हणून विहिरीत, ओढ्यात किंवा धरणात सोडू नयेत. काच साफ करतो म्हणून विकला जाणारा सकर मासा मूळचा दक्षिण अमेरिकेतला. तो फूट-दीड फूट वाढतो. लोकांनी असाच सोडून दिलेला हा मासा आता उजनीच्या जलाशयातही सापडतो आणि त्याच्या काट्यांनी जाळी फाटतात. १९५२ साली भारतात आणलेली आफ्रिकेतली चिलापी कशी सगळीकडे पसरली, हे आपण पाहतोच. गप्पीदेखील बंद टाक्यांपुरताच ठेवावा. नको असलेले मासे दुकानदाराला परत द्यावेत किंवा दुसऱ्या हौशी घराला द्यावेत.

गणपतीनंतरचा मुहूर्त

नवी पेटी मांडायला पावसाळ्याचा शेवट चांगला. पाण्याची चणचण नसते आणि हवाही फार तापलेली नसते. अनंत चतुर्दशीला गणपती पोहोचवून आल्यावर पेटीत पाणी भरले, तर दिवाळीपर्यंत सहा आठवडे मिळतात. तेवढ्यात पाणी मुरते. मुलांना सुट्टी लागली की पहिले तीन-चार मासे आणावेत. तोपर्यंत मुले रोज विचारतील, 'नुसते पाणी काय बघायचे?' त्यांना चिमूटभर खाद्य टाकायचे काम द्यावे. पाण्याला इतके दिवस सांभाळलेले मूल माशांनाही नीट सांभाळते.