गोडसर वास, आणि डॅशबोर्ड खोलण्याची घाई

घाट चढून माथ्यावर आलं की काही गाड्यांच्या आत तापल्या काकवीसारखा गोडसर वास दरवळू लागतो. घरातली मंडळी आधी परफ्यूमच्या डबीवर संशय घेतात, मग एसीवर. एसीची सर्व्हिसिंग होते आणि वास मात्र तसाच राहतो. तो राहणारच, कारण एसी बिघडला की कुबट, ओलसर वास येतो. गोडसर वास आला तर तो बहुधा कूलंटचाच समजावा.

कूलंट म्हणजे साधारण निम्मं पाणी, निम्मं इथिलीन ग्लायकॉल आणि गंज रोखणारी थोडी रसायनं. हे मिश्रण उणे ३७ अंशांच्या आसपासपर्यंत गोठत नाही. महाराष्ट्रात या गुणाचा उपयोग शून्य! पण तेच मिश्रण साध्या पाण्यापेक्षा उशिरा उकळतं आणि इंजिनाला आतून गंजू देत नाही, म्हणून आपल्याकडेही ते हवंच. त्यातून ही सारी यंत्रणा बंद असते आणि दाबाखाली चालते. अनेक गाड्यांच्या झाकणावर १.१ बार असा आकडा छापलेला दिसेल. एवढ्या दाबाला केसाएवढी चीरही पुरते. सपाट रस्त्यावर गप्प बसलेली गळती घाटात बोलू लागते ती यामुळेच.

आता हा वास आत येतो कुठून? वाटा दोन. डॅशबोर्डच्या मागे हीटरची कॉइल असते, म्हणजे एक छोटा रेडिएटरच. इंजिनाकडून दोन पाइप तिच्यापर्यंत येतात. ‘आम्ही हीटर कधी लावतच नाही’ हे इथे कामाचं नाही. बहुतेक आधुनिक गाड्यांत गरम कूलंट या कॉइलमधून सतत फिरत असतं. बटण फिरवल्यावर आतली झडप हलते आणि हवा कॉइलवरून जाते, एवढंच. दुसरी वाट बाहेरची. पुढच्या काचेच्या पायथ्याशी जी जाळी असते, तिथून केबिनमध्ये ताजी हवा ओढली जाते. बॉनेटखाली एखाद्या पाइपातून थेंब ठिबकून गरम इंजिनावर पडला, की त्याची वाफ याच जाळीतून थेट तुमच्या नाकाशी येते.

म्हणून पहिली तपासणी फुकटातली. वास येत असताना हवेचं बटण ‘आतली हवा फिरवा’वर टाका आणि थोडा वेळ थांबा. वास ओसरला तर गळती बॉनेटखाली शोधायची. कमी न होता वाढला, तर संशय कॉइलवर. शेजारच्या सीटसमोरच्या गालिच्याखाली हात घाला. एसीचं पाणी तिथे साचलं असेल तर ते नुसतं पाणी असतं, बोटाला काही लागत नाही. कूलंट चिकट आणि तेलकट लागतं. काचेवर आतून धुकट थर धरतो आणि पुसला की फराटे उमटतात, ही दुसरी खूण. डॅशबोर्डमागून पाणी खळखळल्यासारखा आवाज येत असेल तर कूलंट कमी होऊन आत हवा शिरली आहे.

बॉनेटखाली पाहायचं ते इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच. गरम रेडिएटरचं झाकण उघडलं तर उकळतं कूलंट अंगावर उसळतं. टाकीतली पातळी दोन खुणांच्या मधे आहे का, पाइपांच्या क्लिपांजवळ वाळलेले पांढरे-हिरवे डाग आहेत का, वॉटर पंपाखाली ओघळ आहे का, हे बघावं. झाकणाचं रबर कडक झालं असेल तर ते आधी बदलावं. एवढ्या स्वस्त भागाने सुटणारा प्रश्न मोठ्या बिलावर का न्यायचा? यातून काही सापडलं नाही, तर गॅरेजात हातपंपाने यंत्रणेत दाब भरून काटा उतरतो का ते पाहतात. डॅशबोर्ड खोलण्याची वेळ यानंतर. काही मिस्त्री सुरुवातच तिथून करतात, आणि एकदा उघडलेला डॅशबोर्ड पुढे कायम कुरकुरतो. पातळी घटते आहे, बाहेर-आत कुठेच ओल नाही आणि इंजिन तापल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा धूर निघतो, असं असेल तर हेड गॅस्केट तपासून घ्यावं.

कॉइल फुटली असेल तर ती बदलणं हा सरळ उपाय. आपल्याकडे ‘बायपास’ही सर्रास होतो, म्हणजे दोन्ही पाइप बाहेरच्या बाहेर एकमेकांना जोडून कॉइल वगळायची. मुंबई-कोकणात फिरणाऱ्या जुन्या गाडीला माझ्या मते हे चालून जातं, मात्र पाइप जोडावेत, नुसते बुजवू नयेत. काही इंजिनांत त्या वाटेने फिरणारं कूलंट थर्मोस्टॅटला लागतं. हिमाचल-लडाखचा बेत असेल तर बायपासचं नावही काढू नये. रेडिएटरात हळद टाकून गळती थांबवण्याची ट्रकवाल्यांची जुनी युक्ती निर्जन रस्त्यावर अडकलेल्याने वापरली तर समजू शकतं. घरच्या गाडीत ती हळद किंवा बाजारातलं गळतीरोधक औषध कॉइलच्या अरुंद नळ्यांत जाऊन बसतं.

कूलंट भरताना रंगावर विसंबू नये. हिरवा, गुलाबी, नारिंगी हे कंपन्यांनी घातलेले रंग आहेत. गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेला प्रकारच घ्यावा. बोअरचं पाणी तर मिसळूच नये, क्षार साचतात. भरून झाल्यावर यंत्रणेतली हवा काढावी लागते, नाहीतर तापमानाचा काटा वरखाली नाचत राहतो.

आणि एवढं होऊनही वास येत राहिला, तर मेकॅनिकशी भांडण्यापूर्वी गालिचा उचलून पाहा. ग्लायकॉल पाण्यासारखं पटकन उडून जात नाही, खालच्या जाड अस्तरात मुरून बसतं. अस्तर बाहेर काढून साबणाच्या पाण्याने धुऊन उन्हात वाळवावं, केबिन फिल्टर बदलावा. धुतलेलं पाणी अंगणात ओतू नये. ग्लायकॉल चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं ते चाटतात आणि थोड्याशा मात्रेनेही त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. लहान मुलांनाही तोच धोका, त्यामुळे उरलेल्या कूलंटचा डबा झाकण घट्ट लावून उंच फळीवर ठेवावा, आणि शीतपेयाच्या बाटलीत तर ते कधीच भरू नये.