माळाची माती बदलते तेव्हा

द्रव्यसंग्रहण करताना आपण वनस्पतीचे नाव, ऋतू व प्रयोज्य अंग पाहतो. भूमीचा विचार मात्र राहून जातो. वास्तविक सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात त्यासाठी भूमिप्रविभागीय हा स्वतंत्र अध्याय आहे. त्याचे स्मरण होण्यास एक प्रसंग कारण झाला.

भवानी पेठेतील माझ्या चिकित्सालयात एक वृद्ध मामा अनेक वर्षे विष्णुक्रांता आणून देतात. गेल्या भाद्रपदात त्यांनी आणलेली जुडी लांबट, फिकट व विरळ पानांची होती. विचारता म्हणाले, “डॉक्टरसाहेब, जुन्या माळावर आता सावली झालीया. ऊन हुडकावं लागतंय.” त्यांच्यासमवेत नान्नजच्या बाजूस, अभयारण्याबाहेरील त्या माळावर गेलो.

सावली गिरिपुष्पाची होती. मध्य अमेरिकेतील हे झाड कोकणात उंदीरमारी म्हणून परिचित आहे. १९७९ मध्ये माळढोकासाठी राखलेल्या या परिसरातही ते वनीकरणातून आले. फांदी खोचली की जगते, दुष्काळ सोसते, आणि वासामुळे जनावरे सहसा तोंड लावीत नाहीत. झाडे लावणाऱ्यास यापेक्षा काय हवे!

त्याचे मूळ उकरले असता बारीक गाठी दिसल्या. एक कापली, आत गुलाबी रंग. या गाठींतील रायझोबियम जिवाणू हवेतील नत्र स्थिर करतात. गिरिपुष्पाचे नत्रयुक्त पान लवकर कुजते. मातीतील जिवाणू त्यातून अमोनिया व पुढे नायट्रेट तयार करतात. शेतकऱ्यास हे खत वरदान आहे. माळाची घडण मात्र निराळी. मुरमाड, नत्रहीन जमिनीत कुसळीसारखी गवते मुळांवरील बुरशीच्या साह्याने स्फुरद मिळवून, भरपूर उन्हात तग धरतात. नत्र वाढले की ही काटकसर निरुपयोगी ठरते व गाजरगवतासारखे तण पुढे सरसावते. विष्णुक्रांता तर भुईसरपट. तिला सावलीही बाधते आणि उंच तणही.

परकी वनस्पती माती सर्वत्र एकाच रीतीने बदलते असे नव्हे. चीनमधून जपानात गेलेला मोसो बांबू, निगा थांबल्यावर, भूमिगत खोडांनी शेजारच्या जंगलात शिरला. त्याच्या पानांत सिलिका विपुल, म्हणून ती सावकाश कुजतात. ओक व पाइन वृक्ष हटले की त्यांच्या मुळांवर जगणाऱ्या बुरशीचाही आधार जातो. औषधनिर्मात्यांनी यावरून बांबूविषयी मन कलुषित करू नये. आपले मानवेल व काटस बेटाने वाढतात, असे धावत सुटत नाहीत; आणि सितोपलादीतील खरे वंशलोचन म्हणजे बांबूच्या पेरात साठलेली हीच सिलिका होय.

प्रकाश व नत्र बदलले की वनस्पतीतील कार्यकारी द्रव्यांचे प्रमाणही बदलते. म्हणून मी आता प्रत्येक पुड्यावर गाव, माळ उघडा की सावलीचा, आणि खुडल्याची तिथी लिहून घेतो. औषधालयांनी खरेदीच्या वेळी एवढे तरी विचारावे. दर थोडा चढेल, हे मान्य. मामांनी यंदा दोन जुड्या आणल्या. एक ठेवली, दुसरी परत केली, परंतु मजुरी दोन्हींची दिली.