लंडनमधला फुकटातला वाडा

परवा पुण्याहून आलेल्या मावसबहिणीनं विचारलं, "इथं मुलांना घेऊन जायचं म्हणजे पाकीट रिकामंच का?"

मी म्हटलं, केनवुड हाउसला चल. हॅम्पस्टेड हीथच्या टोकाला आहे आणि तिकीट नाही.

गिनेस बिअरवाल्या घराण्यातल्या लॉर्ड आयव्हाने 1925 मध्ये हे घर घेतलं आणि चित्रसंग्रहासकट लोकांना देऊन टाकलं. 1928 पासून ते सर्वांना खुलं आहे. रेम्ब्रांटचं म्हातारपणीचं आत्मचित्र आणि व्हर्मीरची गिटारवाली, दोन्ही फुकट!

मोठ्या मुलांना डायडो बेलची गोष्ट जरूर सांगा. गुलाम स्त्रीची ही मुलगी इथेच वाढली, तिच्या वडिलांच्या मामांच्या घरी. हे मामा म्हणजे न्यायाधीश लॉर्ड मॅन्सफिल्ड. मालकाला गुलामाला जबरदस्तीनं इंग्लंडबाहेर नेता येणार नाही, असा 1772 चा निकाल त्यांचाच.

लहानग्यांना मात्र बाहेरची उतरती हिरवळच पुरते. डबा घरून न्या. कॅफेत बसलात की फुकटपणा संपला!

वेळ उरला तर प्रिमरोझ हिलजवळचं बाबासाहेबांचं घरही बघा. 1921-22 मध्ये ते तिथे राहिले होते. महाराष्ट्र सरकारनं ते विकत घेऊन स्मारक केलंय.

सप्टेंबरात येणार असाल तर 'हेरिटेज ओपन डेज'ही बघून ठेवा. एरवी बंद किंवा तिकीट असलेल्या कितीतरी वास्तू तेव्हा मोफत उघडतात.

बस, बाबागाडी, काहीही विचारायचं असेल तर खाली लिहा.