परीक्षाचिंता आणि शिक्षकाचा शब्द

वर्षभर चोख अभ्यास करणारा विद्यार्थी शालान्त परीक्षेत प्रश्नपत्रिका हाती येताच गोठल्यासारखा बसतो, आणि दालनाबाहेर पडल्यावर त्याला सारे आठवू लागते, हा अनुभव शिक्षकांस नवा नाही. अशा वेळी त्याचा अभ्यास कच्चा ठरविण्यात येतो, नाही तर त्याला धीराचे चार शब्द सांगण्यात येतात. धीराच्या शब्दांनी निदान अपाय होत नाही, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती तपासून पाहण्याजोगी आहे.

येल विद्यापीठातील जॉर्ज मँडलर व सीमोर सारासन यांनी १९५२ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात प्रश्नावलीच्या आधारे विद्यार्थ्यांचे दोन गट पाडले होते : परीक्षेची चिंता अधिक असणारे व अल्प असणारे. ठोकळ्यांच्या आकृत्या जुळविण्यासारखी कामे चालू असता मध्येच काहींना यश मिळाल्याचे, तर काहींना अपयश आल्याचे सांगण्यात आले. अल्प चिंतेच्या विद्यार्थ्यांचे काम या दोन्ही अभिप्रायांनी सुधारले. अधिक चिंतेच्या विद्यार्थ्यांचे दोन्हींनी खालावले. निंदेने काम बिघडावे हे समजण्यासारखे आहे, परंतु यशाच्या वार्तेनेही ते बिघडावे हे विलक्षणच म्हटले पाहिजे. कसोटीचा पुन्हा उल्लेखच न होणे, हीच परिस्थिती त्यांना सर्वांत अनुकूल ठरली.

याचा उलगडा पुढील संशोधनाने बऱ्याच अंशी होतो. लीबर्ट व मॉरिस यांनी १९६७ मध्ये परीक्षाचिंतेची दोन अंगे वेगळी केली. छातीत धडधडणे, तळहातांस घाम सुटणे हे एक. आणि आपले कसे होणार, इतर काय म्हणतील, हा मनात चालणारा घोळ हे दुसरे. कामगिरीशी अधिक निकटचा संबंध आढळतो तो या दुसऱ्याचा. विचार करताना मन ज्या अल्पशा पाटीवर मजकूर तात्पुरता मांडते, तिला कार्यस्मृती म्हणतात. त्या पाटीचा काही भाग काळजीने व्यापला की गणितासाठी तितकीच जागा उणी पडते. स्तुतीसुद्धा विद्यार्थ्याचे लक्ष कामावरून स्वतःच्या मूल्यमापनाकडे वळविते, असा येथे तर्क करता येतो. अर्थात अपुऱ्या अभ्यासामुळे उपजणारी चिंताही असते, आणि ती निराधार नसते.

२०११ साली रामिरेझ व बायलॉक यांनी परीक्षेपूर्वी दहा मिनिटे आपली भीती कागदावर उतरविण्याचा उपाय सुचविला. त्यांच्या प्रयोगांत चिंताग्रस्त विद्यार्थ्यांस त्याचा लाभ झाला. उपाय बिनखर्ची असल्याने तो आकर्षक वाटावा यात नवल नाही. तथापि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या पडताळणीत, ज्या २१ प्रयोगांची पुनरावृत्ती करण्यात आली त्यांपैकी यांच्या प्रयोगाचा निष्कर्ष पुन्हा मिळाला नाही. शाळांनी यावर भिस्त ठेवू नये.

हेम्ब्री यांनी १९८८ मध्ये ५६२ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. त्यात विचारांना व वर्तनाला वळण लावणाऱ्या उपचारांनी परीक्षाचिंता कमी होते व कामगिरीही सुधारते, असे दिसून आले. केवळ अभ्यासकौशल्यांचे शिक्षण मात्र, दुसऱ्या उपचाराची जोड नसेल, तर चिंता घटविण्यास पुरेसे ठरले नाही. आणि आपल्याकडे चिंताग्रस्त मुलासाठी प्रथम सुचविला जातो तो जादा तासच.