जखमांचे दप्तर

रुग्णालयाने आपले दरपत्रक दर्शनी भागी लावलेच पाहिजे, असा नियम महाराष्ट्र शासनाने २०२१ साली केला. तो योग्यच होता. खाटेचे भाडे किती, तपासणीचे शुल्क किती, हे आता रुग्णाच्या नातेवाइकाला निदान विचारता तरी येते. परंतु त्या फलकासमोर उभ्या राहिलेल्या माणसाला जे सर्वांत आधी कळावयास हवे, ते त्यावर नसते. येथील शस्त्रक्रियागृहात गेल्या वर्षी किती जणांवर शस्त्रक्रिया झाल्या, आणि त्यांपैकी किती जणांच्या जखमेत पू झाला? हा प्रश्न विचारणे आपल्याकडे उद्धटपणाचे समजले जाते. खरे सांगावयाचे तर पुष्कळ ठिकाणी तो विचारूनही उपयोग व्हावयाचा नाही, कारण ही मोजणी कोणी केलेलीच नसते.

अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत शस्त्रक्रिया झालेल्या दर शंभर रुग्णांपैकी सुमारे अकरा जणांना जंतुसंसर्ग होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली सांगितले. या अकरांत मोडणाऱ्या घराची अवस्था वाचकांपैकी अनेकांनी जवळून पाहिली असेल. तिसऱ्या दिवशी हसतमुखाने घरी आलेला माणूस दहाव्या दिवशी तापाने फणफणतो, टाके उसवावे लागतात, रजा संपते, विम्याची मर्यादा संपते. आणि हे सारे 'प्रकृतीचा दोष' या सदराखाली जमा होते. चौकशी होते ती अनर्थ एकदम पाच-सहा घरांवर कोसळला तरच. २०१९ च्या जानेवारीत मुंबईत, जोगेश्वरी येथील महापालिकेच्या एका रुग्णालयात एकाच दिवशी मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्या सात रुग्णांपैकी पाच जणांची त्या डोळ्याची दृष्टी जंतुसंसर्गाने गेली, तेव्हा वृत्तपत्रांत मथळे आले. एकेकट्याने चिघळणाऱ्या जखमांना मथळा नसतो.

मोजदादीचे मोल वैद्यकाला कळले ते व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयात. तेथे दोन प्रसूतिकक्ष होते. एकात वैद्यकाचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुईणी. १८४६ साली पहिल्या कक्षात ४,०१० बाळंतपणांत ४५९ माता दगावल्या. दुसऱ्यात ३,७५४ पैकी १०५. दोन्ही कक्षांची नोंद स्वतंत्र ठेवली जात होती, म्हणूनच इग्नाझ सेमेलवाइस या तरुण डॉक्टरला प्रश्न पडला. शवविच्छेदन करून प्रसूतिकक्षात येणारे हात त्याने १८४७ पासून क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्यात धुवावयास लावले, आणि पुढच्याच वर्षी पहिल्या कक्षाचे मृत्युप्रमाण दुसऱ्याच्या बरोबरीला, शेकडा सव्वाच्या घरात आले. रोगजंतूंची कल्पना तेव्हा त्यालाही नव्हती. दप्तर मात्र होते.

आपल्याकडे दप्तराऐवजी देखाव्यावर भिस्त अधिक. कित्येक रुग्णालयांत आठवड्याच्या अखेरीस शस्त्रक्रियागृह बंद करून फॉर्मॅलिनची धुरी देण्याचा प्रघात वर्षानुवर्षे चालत आलेला आहे. दृष्ट काढल्यावर घरच्या मंडळींना जे समाधान वाटते, त्याच जातीचे हे समाधान होय. फॉर्मॅल्डिहाइड हे कर्करोगकारक द्रव्य आहे, हे आता निर्विवाद ठरले आहे. आणि सोमवारी सकाळी माणसे आत आली की त्यांच्याबरोबर जंतूही येतातच. जखमेत शिरणारे बहुतेक जंतू रुग्णाच्या स्वतःच्या त्वचेवरचे किंवा खोलीतल्या माणसांच्या अंगावरचे असतात. दार जितक्या वेळा उघडेल आणि आत जितकी माणसे रेंगाळतील, तितका धोका वाढतो. एका दिशेने गाळीव हवा सोडणाऱ्या महागड्या छतांची जाहिरात सध्या जोरात आहे. परंतु सांधारोपणात जंतुसंसर्ग टाळण्यासाठीही अशी व्यवस्था वापरू नये, असाच सल्ला जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली दिला. त्याच सल्ल्यात शस्त्रक्रियेपूर्वी वस्तरा फिरवण्यास सक्त मनाई आहे. वस्तरा बाजूला ठेवण्यास पैसा लागत नाही, बहुधा म्हणूनच त्याची जाहिरात होत नाही.

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचे उदाहरण घ्या. पित्ताशय, आंत्रपुच्छ, गर्भाशय या दुखण्यांसाठी मध्यमवर्गीय कुटुंबे आज हाच मार्ग निवडतात, व तो चांगलाही आहे. परंतु यातली काही उपकरणे नाजूक असतात. ती उकळत्या वाफेच्या यंत्रात न घालता ग्लुटराल्डिहाइडच्या द्रावणात बुडवून ठेवण्याची पद्धत पडली. या द्रावणाने बीजाणूंसकट सर्व जंतू मरावयास दहा तास लागतात. एक रुग्ण बाहेर जाऊन दुसरा आत येईपर्यंत मिळतात वीस मिनिटे. त्यातून उपकरणाच्या सांध्यात रक्ताचा कण अडकलेला असला, तर द्रावण तेथे पोचतच नाही. आणि शेवटी ते उपकरण विसळले जाते साध्या नळाच्या पाण्याने, ज्यात क्षयाच्या जंतूंचे भाऊबंद वस्तीला असू शकतात! जखम भरून येते, टाके सुकतात, आणि तीन-चार आठवड्यांनी त्याच छिद्रापाशी गाठ येऊन पाझरू लागते. नेहमीच्या औषधांना हे जंतू दाद देत नाहीत. उपचार महिनोन्महिने चालतात. रुग्ण तोवर दुसऱ्या, तिसऱ्या डॉक्टरकडे गेलेला असतो, आणि ज्या शस्त्रक्रियागृहात हे घडले त्याला त्याचा पत्ताही नसतो. भारतातील अनेक रुग्णालयांतून अशा रुग्णांची वर्णने प्रसिद्ध झाली आहेत. उपकरणाचा प्रत्येक भाग सुटा करून ब्रशाने घासणारा, मग तो योग्य यंत्रात योग्य वेळ ठेवणारा कर्मचारी हाच येथला खरा रखवालदार. त्याचे नाव रुग्णाला कधी कळत नाही आणि त्याचा पगार ठरवताना त्याच्या जबाबदारीचा विचार झालेला आम्ही पाहिला नाही.

प्रतिजैविकांचीही तीच गत. ती द्यावयाची सुरी लागण्यापूर्वी, दोन तासांच्या आत. शस्त्रक्रिया संपल्यावर केवळ खबरदारी म्हणून ती चालू ठेवण्याचे कारण नाही. आपल्याकडे आधीच्या मात्रेची वेळ चुकते आणि नंतरच्या गोळ्या पाच-सात दिवस चालतात.

हे नियम पाळले जावेत म्हणून २००८ साली जागतिक आरोग्य संघटनेने एक तपासयादी दिली. यवतमाळ जिल्ह्यातून अमेरिकेत गेलेल्या डॉक्टरांचे पुत्र अतुल गावंडे हे तिच्या शिल्पकारांपैकी प्रमुख. दिल्लीसह आठ शहरांत ती वापरल्यावर जखमेच्या जंतुसंसर्गाचे प्रमाण शेकडा ६.२ वरून ३.४ वर आले. पुढे कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात शंभराहून अधिक रुग्णालयांना ती सक्तीची केली, तेव्हा मृत्यू व गुंतागुंत यांत लक्षणीय घट आढळली नाही, असे २०१४ साली प्रसिद्ध झाले. यात विरोध आहे असे आम्हांला वाटत नाही. कागदावर खुणा करणे सोपे असते. "डॉक्टर, इंजेक्शन अजून दिलेले नाही, थांबा," असे परिचारिका नामांकित शल्यविशारदाला म्हणू शकते की नाही, यावर त्या यादीचे बळ ठरते. आपल्या श्रेणीबद्ध समाजात हे किती कठीण आहे, ते सांगावयास नको.

म्हणूनच आम्ही मोजणीचा आग्रह धरतो. मानांकन घेणाऱ्या रुग्णालयांना अशी नोंद ठेवावी लागते हे खरे. परंतु ती फायलीत राहते. ती दरपत्रकाशेजारी लागली पाहिजे. इंग्लंडमध्ये २००४ पासून सरकारी रुग्णालयांना अस्थिशस्त्रक्रियांच्या जंतुसंसर्गाची मोजणी सक्तीची आहे. यावर आक्षेप येईल की, आतडे फुटून शेवटच्या घटकेला आलेले गरीब रुग्ण घेणारी रुग्णालये यात नाहक बदनाम होतील. आक्षेप रास्त आहे. तेव्हा आरंभ हर्निया, सांधारोपण आणि सिझेरियन अशा, तुलना शक्य असलेल्या शस्त्रक्रियांपासून करावा. मोजणी रुग्ण घरी जाईपर्यंतची नको, तीस दिवसांची हवी. सांधा बसवला असेल तर नव्वद दिवसांची. महापालिकेच्या रुग्णालयांना तर सिझेरियनचा हिशेब ठेवणे मुळीच अवघड नाही. दीड महिन्याने बाळाला लस टोचावयास आई येतेच. त्याच वेळी तिच्या टाक्यांविषयी दोन प्रश्न विचारून वहीत लिहिण्यास नव्या यंत्राची वा नव्या अनुदानाची गरज नाही.