देवगिरीचा कडा आणि मिठाची पोती

मराठ्यांचे बारा किल्ले जुलै 2025 मध्ये जागतिक वारसा यादीत गेले. दुर्गांचा विषय निघाला की रामचंद्रपंत अमात्यांचे ‘आज्ञापत्र’ पुढे येतेच. ते पहिल्यांदा वाचणारा मात्र बुचकळ्यात पडतो. गड बांधण्याआधी पाणी पाहावे. एका झऱ्यावर विसंबू नये, टाकी खोदावीत. गडाला एकच दरवाजा ठेवू नये. पावसाळा संपला की तटावर वाढलेले गवत आणि झाडे काढावीत. एवढे सांगायला अमात्य कशाला हवेत? कौटिल्य किंवा चीनचा सुन त्झू वाचतानाही हीच शंका येते.

या शंकेचे उत्तर आपल्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातच उभे आहे. देवगिरीचा तासलेला कडा, खंदक आणि ‘अंधारी’ ही काळोखी वाट पाहिली की हा गड कोणी घेतला असेल यावर विश्वास बसत नाही. 1296 मध्ये अलाउद्दीन खिलजी अचानक चालून आला, तेव्हा यादवांची मुख्य फौज युवराज शंकरदेवाबरोबर बाहेर होती. यादवराजे रामदेवरावांनी गडाचा आश्रय घेतला आणि घाईघाईत पोती वर चढवली गेली. इतिहासकार फरिश्ता सांगतो, की धान्याची समजून आणलेली ती पोती उघडली तर आत मीठ निघाले. खंडणी कबूल करून तह करावा लागला.

पुढे 1633 मध्ये मोगल सरदार महाबतखानाने याच गडाला वेढा घातला. आत होता निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याचा मुलगा फत्तेखान. दाणागोटा संपत आला आणि त्याने गड खाली करून दिला. दोन्ही वेळी कडा जागेवरच होता. गडावर धान्य असावे हे रामदेवरावांना ठाऊक नव्हते, असे कोण म्हणेल? पण ‘पोते उघडून पाहा’ हे त्या घाईत कोणी म्हटले नाही, किंवा म्हणणाऱ्याचे कोणी ऐकले नाही.

म्हणून मला वाटते, या ग्रंथांतला प्रत्येक साधा नियम ही एखाद्या जुन्या नुकसानीची नोंद आहे. आज्ञापत्र 1715 च्या सुमाराचे. ते लिहिणाऱ्या माणसाने 1689 नंतरचा काळ अंगावर घेतला होता. संभाजी महाराज मारले गेले होते, राजाराम महाराज जिंजीला होते आणि इथला कारभार हुकुमतपनाह म्हणून रामचंद्रपंतांच्या हाती होता. औरंगजेब एकेक गड घेत चालला होता, आणि त्यातले बरेचसे त्याने तोफांपेक्षा पैसे मोजून घेतले. हे लक्षात ठेवून, गडावरचे अधिकारी पारखून नेमावेत आणि ठरावीक वर्षांनी बदलावेत, हा नियम वाचावा. मग तो बाळबोध वाटत नाही.

शिवाजी महाराजांचे चिपळूणच्या छावणीतील अंमलदारांना गेलेले पत्र तर याहून बारीक आहे. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा आणि वैरण आधीच उधळू नका. विस्तव सांभाळा. रात्री दिवा जळता ठेवलात तर उंदीर वात ओढून नेईल आणि गवताच्या गंजी पेटतील. राज्य उभारणारा पुरुष उंदराचा विचार करतो, कारण गवत गेले की घोडी गेली आणि घोडी गेली की मोहीम गेली. शिवाय वैरण संपलेला शिपाई रयतेच्या दारात जातो, हेही त्या पत्रात स्पष्ट आहे.

जर्मन युद्धशास्त्रज्ञ क्लाउझेवित्झ 19 व्या शतकात हेच सांगत होता: युद्धात सगळे सोपे असते, पण सोपी गोष्टच पार पाडणे अवघड होऊन बसते. दमलेली, घाबरलेली किंवा जिंकत आलेली माणसे सर्वांत आधी साधी गोष्टच सोडतात. यात हुद्द्याचाही भाग आहे. कोठारावरचा कारकून किल्लेदाराला ‘पोती उघडा’ असे आपल्या जबाबदारीवर सांगू शकत नाही. तीच गोष्ट राजाच्या नावाने लिहिलेली असेल, तर तो तिच्याकडे बोट दाखवू शकतो. लिखित नियमाचा हा उपयोग मला सर्वांत मोलाचा वाटतो.

‘आधी पाणी पाहा’ हा नियम आपल्या शहराइतका कोणाला लागू असेल? 1610 मध्ये खडकी, म्हणजे हेच शहर, वसवणाऱ्या मलिक अंबरने जमिनीखालून नहर आणून तो पाळला. आपण वस्त्या आधी वाढवल्या, आणि आज जायकवाडीसारखे धरण जवळ असूनही नळाच्या पाण्यासाठी दिवस मोजतो. ज्ञानाची उणीव तेव्हाही नव्हती, आताही नाही.

किल्ल्यांच्या बाबतीत तरी हे होऊ नये. वारसा यादीत गेलेल्या बारा गडांना आणि यादीबाहेरच्या देवगिरीलाही पहिली गरज आहे ती आश्विन-कार्तिकात तटावरचा झाडोरा काढणाऱ्या माणसांची. मुळे दगडांत शिरली की चिरा सुटतो. हे काम नेमून द्यावे, त्याचा खर्च दरवर्षी बाजूला ठेवावा आणि झाले की नाही हे जागेवर जाऊन पाहावे. अमात्यांनी तीनशे वर्षांपूर्वी ते लिहून ठेवले आहे.